हुद्दा: इकॉनॉमिस्ट, मुक्काम टॉवेल कारखाना

नाव, ईमेल, देश, शहर इथपर्यंत अर्ज भराभर भरला. पुढचा चौकोन हुद्द्याचा होता आणि तिथे गाडी अडली. माझ्या नेमणूकपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स आणि एमआयएस' असं लिहिलंय. कारखान्यात मला 'आकड्याच्या मॅडम' म्हणतात, कारण जीएसटी आणि बँक बघणारे काका वेगळे आहेत. आई शेजारी सांगते की पोरगी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर आहे. यातलं काहीच त्या चौकोनात बसेना. 'इकॉनॉमिस्ट' असं टाइप केलं, खोडलं, परत केलं. घरात कुणी बघत नव्हतं तरी लाज वाटली. इकॉनॉमिस्ट रिझर्व्ह बँकेत असतात, टीव्हीवर असतात, गेला बाजार कॉलेजात तरी असतात. एमआयडीसीत, डाइंगच्या वासात बसून रोजच्या उत्पादनाचा तक्ता करणाऱ्या बाईला कोण इकॉनॉमिस्ट म्हणेल?

अर्ज होता 'नॅशनल असोसिएशन फॉर बिझनेस इकॉनॉमिक्स' या अमेरिकेतल्या संघटनेचा. कंपन्यांमध्ये, धंद्यांमध्ये नोकरी करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांची ही संघटना १९५९ सालची, मुख्यालय वॉशिंग्टनला. सोलापुरातून मी तिच्या दारात कशी पोचले हे सांगायचं तर २०२२ च्या एप्रिलपासून सुरू करावं लागेल. म्हणजे माझ्या एका चुकीपासून.

१४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे आमचे मालक. सोलापूरच्या पूर्व भागातलं विणकर पद्मशाली घर, वडिलांचे चार माग होते, त्यावरून अण्णांनी हा कारखाना उभा केला. "मॅडम, कापसावरची ड्यूटी गेली म्हणलालेत. सूत आज घ्यायचं का थांबायचं?"

बातमी खरी होती. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर सगळं मिळून ११ टक्के शुल्क बसलं होतं, ते सरकारने त्या दिवसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केलं. कापसाच्या खंडीचा, म्हणजे ३५६ किलोचा, भाव तेव्हा नव्वद हजारांच्या पुढे गेला होता. आदल्या वर्षी त्याच सुमाराला तो पन्नास हजारांच्या आत होता. आमच्याकडे टॉवेलच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा सुताचा, त्यामुळे अण्णांची झोप उडाली होती. मी पुण्यात शिकलेलं सगळं पणाला लावलं. शुल्क गेलं म्हणजे बाहेरचा कापूस स्वस्त, बाहेरचा स्वस्त म्हणजे पुरवठा जास्त, पुरवठा जास्त म्हणजे भाव खाली. "थांबा अण्णा. दीड महिना थांबा."

अण्णा थांबले. मे महिन्यात खंडी एक लाखाच्या वर गेली. लाखाला खंडी म्हणजे ३५६ किलोला लाख, किलोला २८१ रुपये, आणि हा नुसता कापूस. त्याचं सूत व्हायचं अजून बाकी. ऑर्डरची तारीख तोंडावर आली तेव्हा अण्णांनी नाइलाजाने वरच्या भावात सूत उचललं. गोडाऊनमध्ये बाचकी लागली आणि मग भाव उतरायला लागला. वर्ष संपता संपता खंडी साठ-पासष्ट हजारांच्या आसपास आली. म्हणजे माझी दिशा बरोबर आणि वेळ चूक. धंद्यात याला बरोबर म्हणत नाहीत.

कुठे चुकलं ते नंतर शांतपणे कागदावर मांडलं तेव्हा कळलं. एक तर बाहेरही कापूस तेवढाच भडकला होता. न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या कापसाचा आधी ठरणारा भाव, मे महिन्यात पौंडाला दीड डॉलरच्या पुढे गेला होता. महाग मालावरचं ११ टक्के शुल्क काढलं तरी माल महागच. दुसरं म्हणजे आज सौदा केला तरी जहाज बंदराला लागायला, गाठी सूतगिरणीत पोचायला आणि सूत बाजारात यायला काही महिने जातात. पुस्तकातल्या आलेखात पुरवठ्याची रेघ उजवीकडे सरकते तेव्हा तिला किती दिवस लागले हे कुणी लिहीत नाही.

मला जास्त झोंबलं ते मात्र वेगळंच. त्या सगळ्या महिन्यात 'पोरी, तुझं चुकतंय' असं म्हणू शकेल असं माझ्या भोवती कुणी नव्हतं. अण्णांना बाजार कळतो, पण ड्यूटीच्या गणितावर ते माझ्या तोंडाकडे बघतात. जीएसटीवाले काका मागच्या वर्षाचा हिशोब दोन पैशांपर्यंत जुळवतात. पुढच्या वर्षाचा विषय काढला की पान काढतात. डॉक्टरला दुसरा डॉक्टर विचारायला असतो, सीएला सीए असतो. मी कुणाला विचारणार?

आधी जवळपास शोधलं. विद्यापीठातल्या, कॉलेजातल्या प्राध्यापकांशी बोलले. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या एका अधिवेशनाला जाऊन आले. माणसं प्रेमळ, जेवण उत्तम, शोधनिबंध मात्र सिंचन, बचतगट, बँकांच्या एनपीएवर. एका सरांना मी विचारलं की पुढच्या तिमाहीत सुताचं काय होईल. ते मनापासून म्हणाले, "डेटा आला की दोन वर्षांनी त्यावर चांगला पेपर होईल." त्यांचं बरोबरच होतं, पण अण्णांना दोन वर्षं थांबा म्हणायची माझ्यात हिंमत उरली नव्हती. व्यापाऱ्यांच्या एका बैठकीला गेले तर तिथे विजेचा दर आणि विमानतळाआड येणारी साखर कारखान्याची चिमणी. त्या काळात सोलापुरात कुठलीही बैठक कुठल्याही विषयावर सुरू होऊन चिमणीवर संपायची. (पुढे २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली, तेव्हा बऱ्याच बैठकांचा विषयच गेला.)

आपल्याकडे अर्थशास्त्रज्ञाने धंद्यात हात घातल्याची उदाहरणं नाहीत असं नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते, ज्यांनी पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट घडवली तेच. पण कारखान्यात पगारावर बसून, रोज सकाळी मालकाच्या 'घ्यायचं का थांबायचं'ला उत्तर देणाऱ्यांची जमात? ती इथे मला दिसली नाही.

संघटनेचं नाव खरं तर मी मार्चमध्येच वाचलं होतं. २१ मार्च २०२२ ला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी एक भाषण केलं: महागाई आटोक्यात आणायला गरज पडली तर पाव टक्क्यापेक्षा मोठ्या पावलांनी व्याजदर वाढवू. पाचच दिवसांपूर्वी त्यांनी पाव टक्का वाढवला होता. ते भाषण या संघटनेच्या परिषदेत झालं. मी बातमी चहा पिता पिता वाचली आणि टॉवेलचा त्याच्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. जूनमध्ये टार्गेटसारख्या मोठ्या अमेरिकी दुकानसाखळीने जाहीर केलं की माल फार साठलाय, किमती पाडू आणि काही ऑर्डरी रद्द करू. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या एका खरेदीदाराचा ईमेल आला: अर्धी ऑर्डर पुढे ढकला. वरच्या भावाचं सूत गोडाऊनमध्ये आणि तिकडून हा निरोप. तेव्हा कुठे मी ते मार्चचं भाषण काढून पहिल्या ओळीपासून वाचलं, आणि वाचता वाचता प्रश्न पडला की हे ऐकायला समोर बसले होते ते कोण? विद्यापीठ नाही, सरकार नाही. मग कोण?

समोर होते बँकांतले, विमा कंपन्यांतले, मालवाहतुकीतले, कारखान्यांतले अर्थशास्त्रज्ञ. माझीच जमात. ॲलन ग्रीनस्पॅन फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी सल्लागार कंपनी चालवायचे, कारखान्यांना पोलादाच्या मागणीचे अंदाज द्यायचे. ते या संघटनेचे एकेकाळचे अध्यक्ष. ब्रिटनमध्ये अशीच संघटना त्याहून जुनी, १९५३ ची. म्हणजे मी पूर्व भागातून अक्कलकोट रोडला स्कूटीवर जाता येता ज्याला माझी एकटीची पंचाईत समजत होते, त्या पंचाइतीसाठी लोकांनी सत्तर वर्षांपूर्वी खुर्च्या मांडल्या होत्या.

तर अर्ज. हुद्द्यात शेवटी 'इकॉनॉमिस्ट' लिहिलं, आणि धाडस करून उद्योगात 'टेक्स्टाइल'. मग पैसे भरायला गेले तर कार्ड नाकारलं. पुन्हा टाकलं, पुन्हा नाकारलं. माझ्या मनात आलं, यांना कळलं वाटतं. दुसऱ्या दिवशी बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने माझाच मोबाईल हातात घेऊन ॲपमधलं एक बटण सरकवलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात, आपण चालू करावी लागतात. वर्गणी डॉलरमध्ये, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. त्या महिन्यात नवीन चप्पल घेतली नाही. अण्णांकडे मागितले असते तर त्यांनी दिले असते, पण एप्रिलनंतर माझं तोंड नव्हतं.

पहिला वेबिनार त्यांच्याकडे दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासाने मागे जातात आणि आपल्याकडे साडेबारा होतात. आई झोपलेली, पंखा बंद केलेला कारण त्याचा खडखडाट माइकमध्ये जातो, आणि मोबाईलचा हॉटस्पॉट खिडकीत ठेवलेला. पहिले दोन वेबिनार तर मी नुसती लोक कुठून कुठून आलेत ते वाचत बसले. एक ट्रक कंपनीतला. एक लाकडाच्या धंद्यातली. एक पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीतला. हा खोकीवाला मला फार आवडला. त्याचं म्हणणं असं, की माल विकला जायच्या आधी खोकं विकलं जातं, म्हणून त्याच्या ऑर्डरबुकात देशाचे पुढचे तीन महिने दिसतात. मला एकदम आमच्या इथलं सायझिंग आठवलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टॉवेल विणायचा तर ताण्याचं, म्हणजे उभं सूत आधी वार्पिंगला जातं, मग सायझिंगला खळ लागते, आणि त्या सुताने भरलेला बीम, म्हणजे मोठा रूळ, मागावर चढतो. बीम चढल्याशिवाय माग चालत नाही. म्हणजे सायझिंगवाल्याच्या दारात किती बीम उचलायची वाट बघत पडलेत यावरून पुढच्या पंधरा दिवसांत पूर्व भागातले किती माग चालतील ते कळतं. हे माझ्या वडिलांना माहीत होतं, ते मिलमध्ये जॉबर होते. अण्णांनाही माहीत आहे. मी एमए झालेली, मला खोकीवाल्याने सांगेपर्यंत सुचलं नाही.

तिसऱ्या वेळी प्रश्न विचारला. आमच्या शहराची दर महिन्याची सरकारी आकडेवारी मिळत नाही, किती माग चालू, किती माल गेला, काहीच नाही. मी काय करू? उत्तर देणाऱ्या बाई म्हणाल्या, मग आकडे तुम्हीच गोळा करा. आमचा सर्व्हे बघा, त्यात तरी दुसरं काय आहे?

तो सर्व्हे मी बघितला आणि त्याच्या साधेपणाने चाट पडले. संघटना आपल्या सभासदांना विचारते की गेल्या तीन महिन्यांत तुमच्या कंपनीची विक्री वाढली, घटली की तेवढीच? किमती? पगार? नफ्याचं प्रमाण? कुणी किती कोटी हे विचारत नाही, त्यामुळे कुणाला काही लपवावंसं वाटत नाही. मग वाढली म्हणणाऱ्यांच्या टक्क्यातून घटली म्हणणाऱ्यांचा टक्का वजा करायचा. दहांपैकी सहा म्हणाले वाढली, एक म्हणाला घटली, तिघे म्हणाले तेवढीच: साठातून दहा गेले, उरले पन्नास. बस. मी पुण्यात दोन वर्षं समीकरणं सोडवली आणि इथे वजाबाकी.

सोलापूरच्या व्यापाऱ्याला 'किती विकलं' विचारा, तो आधी तुम्ही इन्कम टॅक्सकडून आलात का ते बघेल. 'वाढलं का घटलं' विचारा, अर्धा तास बोलेल. ऑगस्टपासून मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अकरा कारखाने आणि दोन सायझिंग धरले. फोनवर दोन मिनिटं. एका सायझिंगवाल्या मामांनी पहिल्याच फोनला सांगितलं, "काय सांगू मॅडम, बीम उचलायलाच कोण येईना झालंय. ठेवायला जागा नाही, लोखंडासारखं उभं करून ठेवलोय." कारखानदारांच्या उत्तरात तेव्हा नुकतं कुठे 'तेवढंच' यायला लागलं होतं. त्यांच्यात 'घटलं' यायला आणखी महिना गेला.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं वाटू नये म्हणून गड्ड्याची गोष्ट सांगते. २०२३ च्या जानेवारीत माझी वजाबाकी एकदम उणे चाळीसच्या खाली गेली. मी घाबरून अण्णांना दोन पानी टिपण दिलं: मागणी कोसळतेय, एक पाळी बंद करायचा विचार करा. अण्णांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही सोलापूरच्याच ना?" संक्रांत, सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, आणि गड्डा म्हणजे त्या यात्रेची जत्रा. अर्धे कामगार कामावर नव्हते आणि उरलेले अर्धे मनाने नव्हते. उत्पादन घटलंच होतं, पण त्याचा मागणीशी संबंध काय?

हंगामी चढउतार आकड्यातून वजा करायची पद्धत मला पुस्तकात माहीत होती. अमेरिकेच्या जनगणना खात्याचं त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक्स-१३ नावाचं. त्याला ईस्टर कळतो, तो दरवर्षी तारीख बदलतो तरी. गड्डा कळत नाही, पण गड्ड्याचं सोपं आहे: संक्रांत जानेवारीत तिथल्या तिथे असते, चार-पाच वर्षांचे आकडे दिले की सॉफ्टवेअर ती घसरण आपोआप ओळखतं. गोची दिवाळीची. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, २०२३ चं १२ नोव्हेंबरला. एका वर्षी ऑक्टोबर पडतो, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर. त्याच्या तारखा आपणच भरून द्याव्या लागतात. मी कालनिर्णय समोर ठेवून दिवाळी, ईद आणि गणेशविसर्जन एक्सेलमध्ये भरत बसले, तेव्हा आईला पहिल्यांदा मी काहीतरी शहाणपणाचं करतेय असं वाटलं.

मला या संघटनेतलं सगळ्यात जास्त काय लागू पडलं असं विचाराल तर भाषणं नव्हेत. पॉवेलच काय, जेनेट येलेनही तिथे बोलून गेल्यात, आणि ती भाषणं सभासद नसलात तरी वाचता येतात. संघटना 'सर्टिफाइड बिझनेस इकॉनॉमिस्ट' अशी एक पात्रताही देते. तिच्या वाटेला मी अजून गेलेले नाही, खर्च आणि वेळ दोन्ही बघून. 'बिझनेस इकॉनॉमिक्स' नावाचं त्यांचं त्रैमासिक आहे, त्यातले काही लेख चांगले, काही फारच अमेरिकी. मला लागू पडली ती त्यांच्या अंदाजांच्या सर्व्हेची रीत. तज्ज्ञांचं एक मंडळ पुढच्या वर्षीची वाढ, महागाई, बेरोजगारी यांचे आकडे आधी लिहून देतं. संघटना मध्यक छापते, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधला येतो तो. कुणी एकट्याने अचाट आकडा टाकला तरी मधला हलत नाही. आणि लिहून दिलेलं असल्यामुळे नंतर 'मी तेव्हाच म्हणालो होतो' म्हणायची सोय राहत नाही. अण्णांना मी तोंडी 'थांबा' म्हणाले होते. किती दिवस, किती खात्रीने, काय झालं तर मत बदलेन, यातलं काही लिहिलं नव्हतं. लिहायला बसले असते तर जहाजाचे दिवस आपोआप मोजले असते असं मला आजही वाटतं.

म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही सहा जणांनी इथेच एक वही सुरू केली. संघटना म्हणण्यासारखं त्यात काही नाही. नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही, हे विशेष, कारण सोलापुरात चार माणसं जमली की आधी अध्यक्ष होतो. मी, साखर कारखान्याच्या विक्री विभागातले एक जण, एका बँकेच्या विभागीय कार्यालयातला मुलगा, डाळिंब निर्यात करणाऱ्या कंपनीतली मैत्रीण, कॉलेजातले एक सर, आणि एक सूत दलाल. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पार्क चौकाजवळच्या एका हॉटेलात बसायचं. लक्ष्मीपूजनाला असते तसली लाल वही. प्रत्येकाने पुढच्या तीन महिन्यांचे पाच आकडे लिहायचे: सूत, साखर, डाळिंब, डॉलर आणि डिझेल. आधी लिहायचं, मगच बोलायचं. हा नियम दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा सगळ्यांचे आकडे सरांच्या आकड्याच्या आसपास आले, कारण सर छान बोलतात.

सहा महिन्यांनी मी हिशोब मांडला. लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यातलं अंतर टक्क्यांत, अंदाज वर गेला की खाली हे न बघता, आणि मग सरासरी. सुतात पहिला आला दलाल. तो दहावी आहे. त्याने एकही आलेख बघितला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मी भाव बघतच नाही ताई. गाड्या बघतो. तामिळनाडूची गाडी रिकामी व्हायला किती दिवस उभी राहते ते बघतो." मी सहांत चौथी आले. सर पाचवे. साखरेचे साहेब साखरेतच शेवटचे आले, ते महिनाभर वहीला हात लावेनात. पण खरी गंमत शेवटच्या रकान्यात होती. आमच्या सहांचा मध्यक काढून तोही एक सातवा खेळाडू धरला, तर पाचही आकडे मिळून तो दुसरा आला. त्याच्या पुढे फक्त दलाल. म्हणजे एकेकटे चुकलेले सहा जण एका वहीत बसले की कमी चुकतात. हे संघटनेच्या कागदांत मी वाचलं होतं, पण हॉटेलच्या टेबलावर चहाचा डाग पडलेल्या पानावर बघितल्यावर पटलं.

अण्णांना वही दाखवली. त्यांनी माझं नाव चौथ्या जागी आहे हे सगळ्यात आधी शोधलं. मग म्हणाले, "हे बरं केलंत. आता मला कळलं तुमचं किती ऐकायचं."

ही रीत कामाला आली २०२५ च्या ऑगस्टमध्ये. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के जादा आयातशुल्क लावलं. आमचा अमेरिकेचा माल रुपयात चार आणे. बाकी आखात आणि देशातली बाजारपेठ. एमआयडीसीत चहाच्या टपरीवर रोज नवी अफवा. त्यातच १९ ऑगस्टपासून कापसावरचं ते ११ टक्के आयातशुल्क पुन्हा माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अण्णांचा फोन आला. तोच प्रश्न, शब्दही जवळजवळ तेच. "घ्यायचं का थांबायचं?"

या वेळी मी फोनवर उत्तर दिलं नाही. संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला आणि पाऊण पान लिहून दिलं. सूत तीन महिन्यांत थोडं उतरेल, पाच टक्क्यांच्या आत. खात्री दहांपैकी सहा. कारण शुल्कमाफी एवढंच नाही, अमेरिकेच्या ऑर्डरी थांबल्या की देशातल्या गिरण्यांचीच मागणी कमी होईल. बाहेरून येणारा कापूस दिवाळीआधी भावावर फारसा दिसणार नाही. डॉलर एकदम महागला किंवा इथल्या पिकाला परतीच्या पावसाने मारलं तर माझं मत बदलेल. म्हणून सगळं घेऊ नका, सगळं थांबवूही नका: हातातल्या आखाती ऑर्डरींपुरतं सूत आज, बाकीचं दर पंधरवड्याला थोडं थोडं. आणि अमेरिकेच्या मालाचे बीम सायझिंगला टाकू नका, खरेदीदाराचं लेखी येईपर्यंत.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. "दहांपैकी सहाच?"

"सहाच."

"मग चार वेळा चुकणार."

"हो अण्णा."

ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. घडी घालून खिशात ठेवला आणि सायझिंगला फोन लावला. सूत पुढे उतरलं, माझ्या पाच टक्क्यांपेक्षा जरा जास्तच. म्हणजे आकडा चुकलाच, पण गोडाऊन भरलेलं नव्हतं. वहीत ती चूक नोंदवली आहे, लाल शाईने, दलालाच्या आग्रहावरून.

संघटनेची वर्गणी दरवर्षी भरते, हल्ली कार्ड पहिल्या फटक्यात चालतं. दोन महिन्यांपूर्वी खोकीवाल्याला ईमेल करून आमच्या बीमची गोष्ट सांगितली. त्याने उलट विचारलं की दोन सायझिंगच का, सगळेच का नाही धरत. त्याला पूर्व भागातल्या गल्ल्या आणि दुपारी बाराचं ऊन समजावून सांगायला मला जमलं नाही, पण मुद्दा बरोबर आहे. या महिन्यात आणखी तीन सायझिंग गाठायचे आहेत. त्यातल्या एका मामांना फोनवर बोलायला आवडत नाही, समोर जावं लागतं, आणि गेलं की जेवूनच पाठवतात. शनिवारी साखरेचे साहेब येणार नाहीत, गाळप सुरू झालंय. त्यांचे पाच आकडे व्हॉट्सॲपवर मागवलेत. बाकीच्यांनी लिहून होईपर्यंत ते मेसेज उघडायचे नाहीत असं ठरलंय.